निवाऱ्यातली पवनचक्की

हुलगेवाडी, ता. अक्कलकोट
१८ फेब्रुवारी १९७६

चि. हिंदुराव यास मुक्ताक्काचे अनेक आशीर्वाद.

"पाणी आपल्या पायानं वर आलं असतं, तर मीबी शाळंत गेले असते." बजामावशी, म्हणजे तुझी आई, हे एकदा मला म्हणाली होती. मी पाटी-दप्तर घेऊन तुमच्या विहिरीपाशी उभी होते आणि ती पोहरा ओढत होती. बोलताना तिचे हात थांबले नाहीत. आवाजात तक्रारही नव्हती. उद्या बाजार आहे असं सांगावं तसं तिनं सांगितलं. तू तेव्हा तिच्या पदराला धरून चालायला शिकत होतास.

आज ते आठवलं, कारण सोलापूरच्या वर्तमानपत्रात तुझं नाव वाचलं. तुमचं ऑफिस जिल्ह्यात चार पवनचक्क्या उभारणार, विहिरीचं पाणी वाऱ्यावर काढणार आणि वर्षभर पाहून ठरवणार, असं त्यात आहे. खरं का रे?

आमच्या घरचं तुला ठाऊक आहे. हे गेल्यापासून मी मोठे दीर बिरप्पा भावजी आणि माझी जाऊ म्हाळसाबाई, जिला मी अक्का म्हणते, यांच्याजवळच राहते आणि इथल्या शाळेत शिकवते. त्यांची दोन्ही मुलं सोलापुरात गिरणीत आहेत. शंभरावर मेंढरं आहेत. भावजी दिवसभर त्यांच्यामागे असतात आणि दुपारी कळप पाण्यावर आला की अक्का दोरानं पोहरे शेंदते. एकामागून एक तीस-चाळीस पोहरे. मेंढरं थोडं थोडं पीत नाहीत, सगळी एकदम येतात आणि थांबायला तयार नसतात. आता तिचा उजवा खांदा गेला. मैंदर्गीच्या डॉक्टरांनी दोर ओढायचा नाही असं बजावलं आहे. सुट्टीच्या दिवशी मी ओढते, पण शाळेच्या दिवशी काय करायचं?

भावजी म्हणतात, मेंढरं विकू. मैंदर्गीच्या बाजारातला निंगप्पा एकदा बघूनही गेला. त्या दिवसापासून अक्का मेंढरांना नावानं हाक मारत नाही. "हाक मारली की त्या वळून बगत्यात," म्हणते.

चारांतली एक पवनचक्की आमच्या विहिरीवर बसेल का?

तुझी
मुक्ताक्का


सोलापूर
२ मार्च १९७६

ती. मुक्ताक्कास हिंदुरावचा सा. नमस्कार.

आईचं ते वाक्य मला माहीत नव्हतं. पत्र दोनदा वाचलं.

आता कामाचं. पवनचक्कीचं वाईट आहे ते आधी सांगतो, म्हणजे नंतर तू मला बोल लावणार नाहीस. तिच्या मनोऱ्याला आणि चाकाला जेवढं लोखंड लागतं, तेवढ्या पैशात पाच घोड्यांच्या ताकदीची दोन डिझेल इंजिनं येतात. इंजिन तासाभरात जेवढं पाणी उपसतं, तेवढ्याला हिला चांगला वारा असताना दिवस लागतो. आणि वारा आपल्या गरजेनं वाहत नाही. आपल्याकडे जेठ ते श्रावण तो वेड्यासारखा सुटतो आणि कार्तिक ते पौष, जेव्हा गव्हाला पाणी हवं, तेव्हा पडून असतो. आणखी एक गोष्ट लोकांना पटत नाही. वारा निम्मा झाला की काम निम्मं होत नाही, आठवा हिस्सा उरतो. डिझेल महागलं, पंपावर रांगा लागल्या, म्हणून सगळ्यांना वारा आठवला आहे. वारा फुकट आहे हे खरं, पण त्याला पकडायचं भांडं फार महाग आहे.

हे सगळं शेतीच्या पाण्याबद्दल झालं. पिण्याचं पाणी थोडंच लागतं. बाकी तीन जागा पिकासाठी ठरल्या आहेत आणि चौथी जनावरांच्या पाण्यासाठी हवी, असं वरून आलेलंच आहे. तेव्हा तुमचा अर्ज बसेल. पण तुझं घर म्हणून नाही. नात्यातल्या माणसाला झुकतं माप दिलं तर बाकीच्या गावांना मी काय तोंड दाखवू?

बिरप्पा दाजींना विचारून कळव. त्या माळावर विहिरीची चांगली जागा कोणती? वारा त्यांच्याइतका कुणाला कळणार?

तुझा
हिंदुराव


हुलगेवाडी
१४ मार्च १९७६

चि. हिंदुराव यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र भावजींना मोठ्यानं वाचून दाखवलं. 'वारा त्यांच्याइतका कुणाला कळणार' हे त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग घोंगडी नीट करून बसले.

"वारा इचारतोय व्हय त्यो? आरं, ह्या माळाचा वारा माझ्या अंगावर हाय. मिरगाचा कुटनं येतो, उन्हाळ्यात सांजंला कुटनं फिरतो, थंडीत कुटल्या घळीतनं पायाला लागतो, डोळं झाकून सांगीन."

"मग जागा?"

"जागा खालची. आपली. वाडवडलांनी निवडल्याली. तिच्यापरीस चांगली जागा उभ्या माळावर न्हाय. लिव्ह तसं."

तेव्हा तसंच लिहिते आहे. खालची विहीर मेंढवाड्याला लागून आहे, कळपाला लांब जावं लागत नाही. वर टेकाडावर वाडीतल्या रावजींची एक जुनी विहीर आहे, पण ती त्यांनी केव्हाच टाकून दिली आहे.

अक्का पत्र ऐकत होती. एवढं वाईट-साईट लिहिलंस, पण तिनं एकच विचारलं, "पंख्याला चारा लागतो का?" नाही म्हटल्यावर म्हणाली, "मग येऊ दे."

तुझी
मुक्ताक्का


सोलापूर
९ मे १९७६

ती. मुक्ताक्कास सा. नमस्कार.

मंजुरी आली. मला कोकणात समुद्रकाठच्या जागा पाहायला पाठवत आहेत, त्यामुळे मी येऊ शकत नाही. दाजींनी जागा नेमली आहे म्हणजे माझ्या येण्यावाचून काही अडणार नाही. आमचा फिटर सिद्धप्पा माणसं घेऊन येईल. त्याची मराठी निम्मी कानडी आहे, तुमच्याकडे चालेल.

तीन गोष्टी सांभाळा. महिन्यातून एकदा कुणीतरी वर चढून ग्रीस भरायचं. पंपाच्या दट्ट्याला कातड्याचा वायसर असतो, तो झिजला की पाणी कमी येतं, तेव्हा बदलायचा. आणि वादळ दिसलं की खालची साखळी ओढून शेपूट दुमडायचं, म्हणजे चाक वाऱ्याला पाठ करतं. हे विसरलात तर पाती माळभर वेचावी लागतील.

हिंदुराव


हुलगेवाडी
२७ जून १९७६

चि. हिंदुराव यास अनेक आशीर्वाद.

पवनचक्की उभी राहिली. सिद्धप्पानं काम मन लावून केलं. पत्र्याच्या पात्यांचं ते मोठं चाक पहिल्यांदा वर गेलं तेव्हा मी मुलांना सोडून दिलं आणि स्वतःही शाळेबाहेर आले. इतकं देखणं काही ह्या वाडीत आजवर उभं राहिलेलं नाही. संध्याकाळी उन्हात पाती सोनेरी दिसतात.

पण ती फिरत नाही रे. म्हणजे फिरते, पण म्हाताऱ्यानं अंगणात शतपावली करावी तशी. चार फेरे घेते, थांबते, शेपूट इकडून तिकडे वळवते, पुन्हा दोन फेरे. हौदात दिवसभरात बोटभर पाणी साठतं. आणि हे ऐन आषाढाच्या तोंडावर! शाळेपाशी डोक्यावर पदर राहत नाही, छपराचे पत्रे रात्रंदिवस खडखडतात. खाली पवनचक्कीचं पातं हलत नाही.

गुंडा इंजिनवाला तुला आठवत असेल. भाड्यानं इंजिन लावत फिरतो. तो रोज येता-जाता ओरडतो, "म्हाळसाक्का, तुज्या पंक्याला एक पंका लाव की! उकडाय लागलंय त्याला!" सगळी वाडी हसते. अक्का परवा काष्टा घट्ट करून डबा कमरेला बांधून वर चढली, ग्रीस कमी पडलं असेल म्हणून. डाव्या हातानंच चढली. खालून गुंडा म्हणाला, "अक्का, वर वारा हाय का?" ती वरूनच म्हणाली, "हाय की. तुज्या तोंडाचा येतोय."

ती हसली, पण उतरल्यावर खूप वेळ खांदा धरून बसली होती. आणि निंगप्पा पुन्हा येऊन गेला. भावजी त्याच्याशी काय बोलले ते मला सांगत नाहीत. ते पवनचक्कीकडे पाठ करून बसतात. जागा त्यांनी निवडली होती ना.

तू ये.

मुक्ताक्का


सोलापूर
१९ जुलै १९७६

ती. मुक्ताक्कास सा. नमस्कार.

परवा तुमच्याकडून निघालो तेव्हा नीट बोलता आलं नाही. एसटी उभी होती आणि मला माझीच लाज वाटत होती.

चूक यंत्राची नव्हती, दाजींचीही नव्हती. टेकाडावर उभा होतो तेव्हा माझी टोपी उडाली. उतरून मेंढवाड्याशी आलो, तिथं मी काडी पेटवली आणि ती विझली नाही. मी दाजींना म्हटलं, "दाजी, ही जागा तुम्ही चांगली म्हणालात?" ते म्हणाले, "चांगलीच हाय की! हितं वारा लागतच न्हाय. माजा आजा मेंढरं बसवायला आख्खा माळ हिंडला, तवा ही गावली. पाऊसकाळात उगड्यावर बसली तर कोकरं काकडून मरत्यात."

मुक्ताक्का, मी त्यांना चांगली जागा विचारली आणि त्यांनी मला माळावरची सगळ्यात चांगली जागा दिली. वाऱ्याची त्यांना जेवढी ओळख आहे, ती सगळी त्याच्यापासून जिवं राखण्यासाठी. 'वारा लई लागतो ती जागा दाखवा' असं विचारायला हवं होतं. तसं विचारल्यावर ते उठले, वळूनसुद्धा न बघता थेट टेकाडावर गेले आणि रावजींच्या विहिरीपाशी काठी रोवली. "हितं. हितं मेंढरू एक घडीभर ऱ्हात न्हाय." दहा पावलं इकडे नाही की तिकडे नाही. मी नंतर यंत्रानं मोजलं. खालच्यापेक्षा वर वारा दुपटीहून जास्त आहे. दुपटीचं काम आठपट, हे मी तुला लिहिलं होतं आणि स्वतः विसरलो होतो.

आता अडचण. पवनचक्की विहिरीच्या डोक्यावरच असावी लागते, दांडा सरळ खाली पंपाला जातो. खालच्याच विहिरीवर मनोरा उंच करायचा तर त्या दोन इंजिनांवर आणखी तिसऱ्या इंजिनाची किंमत होते, ऑफिस देणार नाही. रावजींची विहीर मिळाली तर फिटर आणि दोर-कप्पी मी पाठवतो. माणसं तुम्हाला जमवावी लागतील. पण रावजी का देतील?

हिंदुराव


हुलगेवाडी
६ सप्टेंबर १९७६

चि. हिंदुराव यास अनेक आशीर्वाद.

रावजींनी विहीर दिली. कशी, ते सविस्तर लिहिते.

आम्ही तिघंही त्यांच्याकडे गेलो. ते ओट्यावर सुपारी कातरत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बिरप्पा, त्या हिरीत हाय काय? गुंडाचं इंजिन लावलं हुतं की. चहा उकळंस्तवर तळ दिसला. मग दिसभर झरा भरायची वाट बगत बसायचं."

अक्का म्हणाली, "आमची चक्की चहा पीत न्हाय. ती थेंब थेंब वडती. तुमचा झराबी थेंब थेंबच भरतोय. दोगांचं जमंल."

तू मला पानभर लिहून जे सांगितलं असतंस ते तिनं स्वतःच जुळवलं होतं. ज्या विहिरीला इंजिन परवडत नाही, तिलाच ही धिमी चक्की शोभते. रावजींचा अडकित्ता थांबला.

"आन मला काय मिळंल?"

मग भावजी बोलले. तुला माहीत आहे, शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतो ते लेंडीखतासाठी, आणि त्याबद्दल धनगराला धान्य देतो. भावजी म्हणाले, "रब्बीच्या पेरणीपतूर मेंढरं रोज राती तुमच्या रानात बसवतो. सुगी झाल्यावर पुन्यांदा बसवीन. धान्य नगं. हीर द्या."

"पर वर तर वारा लई. तूच म्हन्तोस मेंढरू ऱ्हात न्हाय."

"रान तुमचं खाली वगळीत, खोलगटात हाय, हीर तेवढी टेकाडावर. तितं निवारा हाय. म्या बगितलाय."

"माज्या रानातला निवारा तू कवा बगितलास?"

"तुमच्या बानं रान घेतलं त्याच्या आदीच."

रावजी मोठ्यानं हसले. "घ्या बाबा हीर. पर गाळ तुमी काढायचा."

गाळ काढायला बारा घरची माणसं आली. गुंडासुद्धा आला, "पडतीया का ते बगायला" म्हणत आला आणि सगळ्यांत जास्त टोपल्या त्यानंच वर दिल्या. मनोरा बैलगाड्यांवर तुकड्या-तुकड्यांनी वर नेला. सिद्धप्पानं शेवटचा बोल्ट आवळला आणि साखळी सोडली. चाकानं एकदा डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, शेपूट ताठ केलं आणि मग ते जे सुटलं, हिंदू, की पाती दिसेनाशी झाली, नुसतं एक लखलखतं ताट उरलं. दांडा खालीवर होऊ लागला. नळीतून आधी गढूळ, मग पांढरं पाणी आलं. अक्कानं ओंजळ धरली. पाणी पडत होतं, ओंजळ भरून वाहत होती, तरी ती हात काढेना.

आता शाळेत बसल्या बसल्या मला दांड्याचा आवाज ऐकू येतो. खटक्, खटक्. फळ्यावर लिहिताना माझा हातही त्या ठेक्यात चालतो. अक्का पुन्हा मेंढरांना नावानं हाका मारू लागली आहे. निंगप्पाला भावजींनी परत पाठवलं.

तुझी
मुक्ताक्का


सोलापूर
११ डिसेंबर १९७६

ती. मुक्ताक्कास सा. नमस्कार.

तुझी मागची दोन पत्रं वाचली. कोकरं झाली, शाळेची तपासणी झाली, अक्कांचा खांदा बरा आहे, सगळं आहे. पवनचक्कीबद्दल दोन्हींत एक शब्द नाही. कार्तिकात वारा पडला असणार. बाकी तिन्ही गावांतून तक्रारी आल्या आहेत. टेंभुर्णीकडच्या माणसानं तर गव्हाला पाणी मिळालं नाही म्हणून मला चारचौघांत विचारलं, "साहेब, हे चाक काय ओवाळायला ठेवलंय?" त्याचं चुकलं नाही.

मला अहवाल लिहायचा आहे. खरं काय ते कळव.

हिंदुराव


हुलगेवाडी
२० डिसेंबर १९७६

चि. हिंदुराव यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दाखवताना मी 'खरं काय ते कळव' हे वाक्य गाळलं, पण अक्काला माझ्या तोंडावरून कळलं. "काय गिळलंस? वाच की." वाचल्यावर म्हणाली, "खरं लिव्ह. त्यो काय सावकार हाय व्हय?"

दिवाळीनंतर वारा पडला. चाक उभं राहिलं ते राहिलंच. पक्षी येऊन पात्यांवर बसू लागले. सिद्धप्पाच्या सांगण्यावरून आम्ही वरून नळी आणून टेकाडाच्या पायथ्याशी हौद मोठा बांधला होता, तो आठवडाभर पुरला. मग खालच्या विहिरीवर पुन्हा दोर. अक्का माझ्या आधीच जाऊन ओढायची, म्हणून मी पहाटे उठून ओढू लागले. तळव्याला फोड आले, खडू धरवेना.

पण भावजींनी एक केलं. मेंढरं उजाडायच्या आत दंव पडलेल्या चाऱ्यावर नेऊ लागले. ओला चारा पोटात गेला की मेंढरू दुपारी पाण्याला तोंड लावून निघून येतं. थंडीत एक दिवसाआडही चालतं. त्यामुळे दहा-बारा पोहऱ्यांवर भागलं. परवापासून सकाळची झुळूक सुरू झाली आहे आणि चाक थोडं थोडं फिरतं आहे. तुझ्या गव्हाला ते चालणार नाही. आम्हाला चाललं.

लिहिलं नाही, कारण तू ते अहवालात घालशील आणि चक्की जाईल अशी भीती वाटली. आता घाल. तू घालणारच, आणि तसाच तू मला आवडतोस.

तुझी
मुक्ताक्का


सोलापूर
१० मार्च १९७७

ती. मुक्ताक्कास सा. नमस्कार.

अहवाल गेला आणि त्यावर आदेशही आला. हे पत्र तिसऱ्यांदा लिहायला घेतलं आहे.

ह्या जिल्ह्यात शेतीच्या पाण्याला पवनचक्की परवडत नाही, असं मी लिहिलं. तेच खरं आहे. तीन जागी ती पिकाला वेळेवर पाणी देऊ शकली नाही, आणि दुरुस्तीला दर वेळी सोलापूरहून माणूस पाठवायचा म्हणजे डिझेलपेक्षा एसटीचाच खर्च जास्त. टेंभुर्णीला तर विजेच्या तारा आल्या, तिथं मोटार बसली आणि पवनचक्की नुसती उभी आहे. तुमच्याबद्दल मी वेगळा परिच्छेद लिहिला. कमी झऱ्याची विहीर, मोठा हौद, जनावरांचं पाणी आणि सांभाळणारी माणसं, हे चारही असतील तिथं ही चक्की आपलं काम चोख करते, असं लिहिलं. साहेबांनी वाचलं, चांगलं आहे म्हणाले. पण प्रयोग संपला आहे. चारही पवनचक्क्या उतरवून कोकणात समुद्रकाठी न्यायच्या आहेत. तिथं वारा बाराही महिने असतो, असं मीच गेल्या वर्षी लिहून दिलं होतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तुमच्याकडून सुरुवात होईल, मग एकेक करत जेठाच्या सुमारास टेंभुर्णी. लॉरीच्या सोयीनं तसं ठरलं आहे. चक्क्या उतरवून नेण्याच्या कागदावर सही माझी आहे. दुसऱ्या कुणाची असावी असं मला वाटलं नाही.

मैंदर्गीपर्यंत खांब आले आहेत. वर्षा-दोन वर्षांत वाडीला वीज येईल म्हणतात.

अक्कांना तू सांग. मला धीर होत नाही.

हिंदुराव


हुलगेवाडी
१७ मार्च १९७७

चि. हिंदुराव यास अनेक आशीर्वाद.

सांगितलं. दुपारची वेळ होती, कळप हौदावर आला होता. शंभर तोंडं एका वेळी पाण्याला लागली की एक मऊ आवाज होतो. तो ऐकत अक्का कठड्यावर बसली होती. मी सगळं सांगितलं. तिनं वर टेकाडावरच्या चाकाकडे पाहिलं. मग म्हणाली, "हिंदूला म्हणावं, उतरवताना आदी शेपटीला दोर बांद. डाव्या अंगाला वडती ती. न्हायतर कुनाच्यातरी डोक्यात बसंल."

भावजी म्हणाले, "कोकनात वाऱ्याला काय तोटा. तिचं बरं हुईल." मुलीला चांगल्या घरी देताना बोलावं तसं बोलले आणि काठी घेऊन वर टेकाडावर गेले.

तुझ्या अहवालातला एक शब्दही बदलावा असं मला वाटत नाही. गेले आठ-नऊ महिने मी तिला पाहते आहे, हिंदू. ती महाग आहे, लहरी आहे, हव्या त्या वेळी हजर नसते, हे तू पहिल्याच पत्रात सांगितलं होतंस आणि ते सगळं तसंच निघालं. तरी एवढं सुंदर काम करणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. धूर नाही, ओरडा नाही. कुणाचं काही जाळत नाही. जे असंच वाहून जाणार होतं त्यातलं थोडंसं धरून ती खोल अंधारातून पाणी वर आणते आणि हौदात ओतून पुन्हा आपल्या कामाला लागते. तिच्याकडे पाहता पाहता मला पुष्कळदा वाटलं, की माणसानंही असंच असावं. तुझ्याबद्दलही मला तेच वाटतं. ज्या कागदानं आपल्याच घरचं पाणी तुटतं त्याच्यावर दुसऱ्याची सही नको, असं म्हणणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

आता घरचं. काल निंगप्पा येऊन गेला. बातमी त्याला आपल्याआधी कळली होती. त्यानं मेंढरांच्या पाठी चाचपल्या आणि इतका कमी भाव सांगितला की भावजींनी त्याला पाणीही विचारलं नाही. वीसेक मेंढ्या गाभण आहेत. चक्की चैत्रात गेली तर ऐन उन्हाळ्यात अक्काला दोर ओढता येणार नाही, मला एकटीला पुरणार नाही, आणि कळप त्याच भावात विकावा लागेल. जेठापर्यंत ती राहिली तर कोकरं अंगानं भरतील, वळवाचं आणि मिरगाचं पाणी ओढ्याला येईल. मग निम्मी विकून निम्मी राखता येतील. तेवढीच, पण कळप राहील. वीज यायची तेव्हा येईल.

म्हणून मागते. टेंभुर्णीची चक्की नुसती उभी आहे असं तूच लिहिलंस. उतरवायला तिथून सुरुवात कर आणि आमच्याकडे सगळ्यांत शेवटी ये. लॉरीला उलटा फेरा पडेल, तुझे साहेब कारण विचारतील आणि तुला खरं कारण सांगावं लागेल, हे सगळं मला कळतं. तू नाहीच म्हणशील. तुला ओळखते मी. पण चारांतली कुठली तरी एक शेवटी उतरणारच आहे. ती आमची असू दे.

तुझी
मुक्ताक्का